शंखातील बिऱ्हाडकरू

गेल्या वर्षी मे महिन्यात आमचा मुक्काम चिरंजिवांकडे जपानातील ओकिनावा बेटावर होता. सायंकाळी नातवाचा हात धरून समुद्रकाठी जावे, हा तेथील आमचा नित्यक्रम. अंधार पडू लागला की काठच्या झाडीतून पाठीवर शंख घेतलेले खेकडे बाहेर पडत. त्यांत मोठे होते ते गडद जांभळे. हरभऱ्याएवढ्या शंखांतले चिमुकले मात्र फिकट, सायीच्या रंगाचे. "हे निराळ्या जातीचे हो," असे आम्ही बेधडक सांगून टाकले. आजोबांच्या विद्वत्तेवर नातवाची भारी श्रद्धा! त्याने तेच शाळेत सांगितले आणि बाईंकडून दुरुस्त होऊन घरी आला. बोलला काहीच नाही; पण त्या रात्री गोष्ट ऐकावयास आमच्या अंथरुणापाशी आला नाही.

तेव्हा आम्ही पुस्तके उघडली. या प्राण्यास तेथे 'मुरासाकी ओकायादोकारी' म्हणतात. मुरासाकी म्हणजे जांभळा, ओका म्हणजे जमीन आणि यादोकारी म्हणजे बिऱ्हाड उसने घेणारा. मादी पिले समुद्रात सोडते. ती पाण्यात रूपे पालटतात आणि इवलासा शंख मिळवून काठावर येतात. त्या वेळी अंगावर जांभळ्याचा मागमूस नसतो. शरीर वाढते, पण कवच वाढत नाही. म्हणून वेळोवेळी जमिनीत दडून कात टाकावी लागते. अशा कित्येक कातींनंतर, वर्षे लोटल्यावर, तो सायीचा रंग जाऊन जांभळा चढतो. कवचधारी प्राण्यांतील निळ्या रंगाचे मूळ बहुधा अन्नातून मिळालेल्या तांबूस द्रव्यात असते. प्रथिनाशी जखडले की तेच निळे दिसते. शिजवलेली शेवंड लाल होते ती ही पकड सुटल्यामुळे. (आमच्या घरी शेवंड शिजत नाही; मालवणास एका स्नेह्यांकडे पाहिली आहे, एवढेच.)

दुसऱ्या दिवशी वाळूवर बसून आम्ही नातवापुढे चूक कबूल केली. तो लगेच खुलला, आणि एक फिकट पिलू तळहातावर घेऊन म्हणाला, "आजोबा, याला घरी नेऊ. जांभळा होताना पाहू." तेथे ते चालत नाही, १९७० साली जपान सरकारने या खेकड्यांना नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिले आहे, परवान्यावाचून नेता येत नाही. शिवाय आमचे परतीचे तिकीट पुढल्या आठवड्याचे, आणि वय एकोणऐंशी.

त्याने पिलू आपल्या केवड्याच्याच गोत्यातील 'अदान' झाडाच्या मुळाशी ठेवले. "जांभळा झाला की मी तुम्हाला फोटो पाठवीन," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, "पण रंग बदलला, शंखही बदलला, तर हाच तो, हे मला कसे कळणार?"

या खेपेस आम्ही बेधडक काही सांगितले नाही.