दोन वेढे

आमच्या घरी बाळगुटीचा डबा पितळेचा होता. आजी तो उघडण्याआधी झाकण पदराने पुसायची. आत वेखंड, हळकुंड, हिरडा, मायफळ, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ. या सगळ्यांपासून वेगळी, फडक्याच्या पुरचुंडीत, करंगळीच्या पेराएवढी एक पांढुरकी मुळी. तिचं नाव अतिविष. धाकटा भाऊ झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ते नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तान्ह्या बाळाला विष, तेही अति! आजी सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घेऊन मुळी उगाळत म्हणाली, "नावाला भिऊ नकोस रे. याचे दोनच वेढे द्यायचे. बाळ वाढलं की वेढे वाढवायचे." वेढा म्हणजे सहाणेवर मुळीचा एक गोल फेरा. ती फेरे मोठ्याने मोजायची. मोजताना कुणी मध्ये बोललं, तर उगाळलेलं पुसून टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पुढे कळलं, या मुळीला संस्कृतात आणखी एक नाव आहे: शिशुभैषज्या, लेकरांचं औषध. आणि तिचा सख्खा भाऊ म्हणावा असा बचनाग, हिमालयाच्या त्याच उंचीवर, तशाच टोपीसारख्या फुलांचा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात दोघांचं कूळ एकच. मात्र बचनागाच्या मुळीतलं विष काही मिलिग्रॅम पोटात गेलं, तरी ओठ-जीभ बधिर होतात आणि हृदयाचा ठोका ताल सोडतो. जपानच्या उत्तरेकडचे ऐनू लोक याच कुळातल्या झाडाचं विष बाणाला लावून अस्वलाची शिकार करत. ग्रीक पुराणात मीडिया थीसियसला हेच विष पाजू पाहते. रोमन कवी ओव्हिड सांगतो की पाताळाच्या तीन तोंडी कुत्र्याच्या फेसातून ते उगवलं. आणि आपला वैद्य हाच बचनाग गोमूत्रात भिजत घालतो, उन्हात ठेवतो, त्याची धार उतरवतो आणि तापावरच्या त्रिभुवनकीर्तीत गुंजेच्या हिशेबाने घालतो. याला तो शोधन म्हणतो. एखाद्या तापट माणसाला घरात सामावून घ्यावं तसा हा शब्द मला नेहमी वाटत आला आहे.

निसर्गातलं विष बहुतेक वेळा असंच हिशेबी असतं. विंचवाला विष तयार करायला अंगातली शक्ती खर्चावी लागते, म्हणून तो ते उधळत नाही. झुरळासाठी शेपटीच्या नांगीची गरज नसेल, तर नुसत्या पुढच्या चिमट्यांनी भागवतो. नागही कधी कधी विष न सोडता नुसता दात लावून निघून जातो. ही प्राण्यांची दया असं मी म्हणणार नाही. पण त्यांची विषाची पिशवी लहान आहे आणि ती भरायला वेळ लागतो, एवढी गोष्ट जगाला बरीच सांभाळून घेते.

कोकणातला लाल विंचू मात्र लहान पिशवीतूनही माणूस घेऊन जायचा. भाताचा पेंढा उपसताना, लाकडाची मोळी उचलताना, रात्री अंधारात पाय टाकताना तो डसायचा. दंशाच्या जागी कळ असायचीच, पण जीव जायचा तो आतून. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, मग छातीत पाणी भरून फेसाळ खोकला. १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर या रोग्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसले. घाम किती, हातपाय किती गार, नाडी कशी, हे टिपत राहिले. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे त्यांना उमगलं की हे विष शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळून धरतं आणि हृदयावर असह्य भार टाकतं. ती आवळलेली मूठ सोडवायला रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी पुरते. गंभीर रोग्यांत जिथे शंभरातले चाळीसेक दगावायचे, तिथे तो आकडा एकाच्या आसपास आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला त्या पदकापेक्षा कंदिलाच्या उजेडात कुणाच्या तरी गार पडलेल्या तळव्यावर ठेवलेला त्यांचा हात जास्त दिसतो.

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडातही दंश झाल्यावर अंगाला घाम सुटतो. त्या घामाजवळ मी दरवेळी थांबतो. नाथांना सांगायचं होतं काम-क्रोधाबद्दल, उतारा द्यायचा होता सत्त्वगुणाचा. तरी त्यांनी विंचू चावलेला माणूस आधी नीट पाहिला होता. पैठणच्या वाळवंटात तळमळणारा, घामाने निथळणारा कुणी त्यांच्या डोळ्यांपुढे असल्याखेरीज तो घाम तिथे येत नाही.

वेढा या शब्दाचा दुसरा अर्थ मला इतिहासाच्या पुस्तकात भेटला. किल्ल्याला घातलेला वेढा. आणि त्याच्यामागोमाग विषही आलं. ऋग्वेदातल्या शस्त्रांच्या सूक्तात विष माखलेल्या बाणाला नमस्कार आहे. मनुस्मृती मात्र रणात असे बाण वापरू नयेत म्हणते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं चौदावं अधिकरण विषारी धुरांच्या आणि भुकट्यांच्या पाककृतींनी भरलेलं आहे. पण ते संपतं आपल्या सैन्यावर असा प्रयोग झाला तर त्यावरच्या उताऱ्यांनी. ज्याने शस्त्र सांगितलं त्यालाच ते उलटून येण्याची भीती होती. इंग्रजीतला टॉक्सिक हा शब्दही धनुष्याच्या ग्रीक नावावरून आला आहे. बाणाला लावलेलं ते विष. तरीही बाण कुणाच्या तरी हातातून सुटायचा, कुणावर तरी नेम धरलेला असायचा.

पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ला, बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ नेम उरला नाही. जर्मन सैन्याने खंदकांपुढे क्लोरीनच्या ५,७०० हून अधिक टाक्या पुरून ठेवल्या होत्या आणि ते अनेक दिवस वाऱ्याची वाट पाहत होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वारा मनासारखा वाहू लागला आणि झडपा उघडल्या गेल्या. दीडशे टनांहून अधिक वायू, हिरवट पिवळा, हवेपेक्षा जड. तो जमिनीला धरून सरपटत गेला आणि पाणी भरावं तसा खंदकांत भरला. समोर फ्रेंच आणि अल्जीरियन शिपाई होते. चार दिवसांनी तिथेच आपली लाहोर डिव्हिजन पुढे गेली आणि तिच्यावरही वायू आला. मुखवटे नव्हते, शिपायांनी फडकी ओली करून नाका-तोंडाला बांधली. जमादार मीर दस्त यांनी त्या धुरात उरलेल्या माणसांना एकत्र ठेवलं, जखमींना मागे आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या फुफ्फुसांत गेलेला वायू मात्र पदकाने बाहेर निघणार नव्हता.

वायूचं हे सगळं घडवलं फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाने. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची त्याची रीत आज जगभरच्या शेतांना युरिया पुरवते. आपल्या उसाला, कपाशीला घातलेल्या गोणीतही ती आहे. त्याची बायको क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. ईप्रनंतर दहाच दिवसांत, मेच्या सुरुवातीच्या एका रात्री, तिने त्याच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवलं. तिच्या मनात काय होतं याचे तर्क पुष्कळ झाले. मला ती त्या घरातली मोजणारी बाई वाटते. फेरे मोजता येईनासे झाले आणि उगाळणं कुणी थांबवेना.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. आमच्या वाडीच्या विहिरीवर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आला. बादलीत पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर कालवली, वरची निवळी विहिरीत सोडली. तो वास नाकात शिरताच मला ईप्र आठवलं. वायू तोच, क्लोरीन. तासाभराने तो परत आला, नळाचं पाणी लहानशा काचनळीत घेतलं आणि त्यात क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. पाण्याला पिवळी छटा आली. त्याने नळी आभाळाकडे धरली, एक डोळा मिटला, मग शेजारी रंगांचं कार्ड धरून ताडून पाहिलं.

"जास्त झालं का?" मी विचारलं.

"नाय भाऊ, बरोबर आहे. जरा कमी पडलं असतं तर पोरांना जुलाब, जास्त झालं तर कुणी पाणी तोंडात घेणार नाही. रोज बघावं लागतं."

नळी विसळून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली आणि तो पुढच्या विहिरीकडे निघाला.