सॅन डिएगो ते ला पास: शिडाच्या बोटीतून

सॅन डिएगोहून शिडाची बोट घेऊन मेक्सिकोला जायचं तर नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागतं. पूर्व पॅसिफिकमधला वादळांचा हंगाम 15 मे ते 30 नोव्हेंबर असा धरतात, पण शेवटच्या महिन्यात वादळं विरळ होतात आणि अनेक विमा कंपन्याही तेव्हाच दक्षिणेला जाऊ देतात. आम्ही नवरा-बायको आता कॅलिफोर्नियात लेकीजवळ राहतो. आमच्यातल्या एकाने 34 वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, दुसरीने तेवढीच वर्षं बाणकोट खाडीच्या काठी त्याच्या पत्रांची वाट पाहण्यात. निवृत्तीनंतर 36 फुटी जुनी बोट घेतली ती याच हिशेबाने, की राहिलेला समुद्र दोघांनी मिळून पाहायचा.

यंदा मात्र जाणं सोपं नव्हतं. मार्चमध्ये स्टेंट बसला. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये परवानगी दिली, लेकीने दिली नाही. शेवटी म्हणाली, “अब्बा, निघायचं तर निघा. पण फेब्रुवारीत शाळेला सुट्टी लागली की मी मुलांना घेऊन ला पासला येते. तेव्हा बसून ठरवू.” काय ठरवायचं ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

पहिला मुक्काम एन्सेनादा. तिथे माणसांचे कागद वेगळे आणि बोटीचे वेगळे. बोटीला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो आणि तो दहा वर्षं चालतो. हा कागद पुढे कामी आला. एन्सेनादापासून बाहा कॅलिफोर्नियाच्या टोकापर्यंत, म्हणजे काबो सान लुकासपर्यंत, किनारा बहुतेक ओसाड आहे. तपकिरी डोंगर, निवडुंग, मधूनच एखादं कोळ्यांचं गाव. सॅन डिएगोपासून हे अंतर सुमारे 750 सागरी मैल, म्हणजे जवळपास 1400 किलोमीटर. वायव्येचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे जाणं सुखाचं. परतताना तोच वारा आणि त्याच लाटा तोंडावर येतात. इकडचे खलाशी परतीच्या प्रवासाला ‘बाहाची धडक’ म्हणतात, ते उगीच नाही.

रात्री तीन-तीन तासांचे पहारे. कासवांच्या उपसागरातून, म्हणजे बाहिया तोर्तुगासमधून, माग्दालेना उपसागराकडे निघालो की दोन रात्री सलग समुद्रात जातात. सफरीत असल्याने नमाज कसर. किब्ल्याचं मात्र नवल वाटतं. इथून मक्का नकाशावर उजवीकडे, सरळ पूर्वेला दिसते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट ईशान्येकडून, उत्तरेच्या अंगाने जाते. त्यात ला पासच्या खाडीत भरतीचा ओढा एकीकडे आणि वारा दुसरीकडे, त्यामुळे नांगरलेल्या बोटी जागच्या जागी गिरक्या घेत राहतात. होकायंत्र पाहून मुसल्ला अंथरावा, तर सुन्नत होईपर्यंत बोट फिरलेली.

पहाटे साडेसहाला गावी संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मगरिब आटोपून अम्मी फोनची वाट पाहत असते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “जमीन दिसते का रे?” सासरे, नवरा, दोन दीर आणि एक मुलगा दर्यावर पाठवलेल्या बाईला दुसरं काही विचारायचं नसतं.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मेक्सिको आम्हांला परका वाटलाच नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेली टॉर्टिया म्हणजे भाकरीचीच बहीण. फक्त गव्हाच्या टॉर्टियांत आणि शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, म्हणून ‘मांतेका?’ हा एक शब्द पाठ करून जावा. दुकानदार मोकळेपणाने सांगतात. सिएरा नावाचा मासा आपल्या सुरमईच्या कुळातला आहे. हळद-तिखट लावून तळला तर कोकणातलं कोणीही फसेल. तिखटाची मिरची तर मूळची इकडचीच. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत जागोजाग मिळतं, तसंच चिंचेचंही. चिंचेला स्पॅनिशमध्ये तामारिंदो म्हणतात. मूळ अरबी ‘तम्र हिंदी’, हिंदुस्थानचा खजूर. अंदलूसमधल्या अरबीने स्पॅनिशला असे शेकडो शब्द दिले. बाजारातली म्हातारी ‘ओहाला’ म्हणून सुस्कारा टाकते तेव्हा तिला ठाऊक नसतं, पण त्या शब्दात अल्लाहचं नाव आहे.

लेक यायची त्याच आठवड्यात आम्ही एस्पिरितू सांतो बेटाच्या आडोशाला होतो आणि उत्तरेचा वारा सुटला. हिवाळ्यात तो असाच सुटतो, दोन-तीन दिवस थांबत नाही, आणि कोर्तेसच्या समुद्रात आखूड, उभ्या लाटा उठतात. ला पास वीस-पंचवीस मैलांवर, पण निघणं शहाणपणाचं नव्हतं. फोनला रेंज नाही. उपग्रहावरून रोज एक ओळ पाठवली, “सुखरूप आहोत, वारा पडला की येतो.” तिसऱ्या दिवशी दुपारी मालेकोनच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या फरसबंद रस्त्याच्या, कठड्याशी ती दिसली. नातू ओरडत होता, ती गप्प होती. बोटीवर आली आणि आधी गोळ्यांची डबी उघडली. गेल्या तीन दिवसांचे कप्पे रिकामे आहेत हे मोजून पाहिलं, मग डोक्यावरचा स्कार्फ नीट करत म्हणाली, “चहा ठेवू का?”

दुसऱ्या दिवशी सगळे मोटारीने साडेतीन तासांवरच्या लोपेस मातेओसला करडे देवमासे पाहायला गेलो. हे देवमासे उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून इथल्या उथळ खाड्यांत वीण घालायला येतात. एकोणिसाव्या शतकात शिकारी पिल्लांच्या मागे लागत, तेव्हा माद्या होड्या फोडत, म्हणून त्यांना सैतान मासे म्हणायचे. आज त्याच माद्या पिल्लाला होडीपाशी आणतात. नातीने हात बुडवला आणि पिल्लाच्या श्वासाचा फवारा तिच्या चष्म्यावर उडाला. तिने तो दिवसभर पुसू दिला नाही.

परतीच्या वाटेवर, मुलं झोपल्यावर, लेकीने विषय काढला. तिला आमची सफर नको नव्हती, परतीची धडक नको होती. एप्रिलमध्ये 750 मैल वाऱ्याविरुद्ध, छातीत स्टेंट, आणि जवळ दवाखाना नाही अशा किनाऱ्याने. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग जावयाने परवान्याच्या मुदतीची आठवण काढली. बोट परत आणलीच पाहिजे असं कुठे आहे?

बोट आता ला पासच्या एका यार्डात जमिनीवर उभी आहे, उन्हाळ्यातल्या वादळांसाठी चारही बाजूंनी पट्ट्यांनी बांधलेली. शिडं उतरवून घडी घातली, टाक्या रिकाम्या केल्या, तांदळाचे डबे वॉचमनच्या घरी दिले. आम्ही विमानाने अडीच तासांत घरी आलो, ज्या वाटेला जाताना महिना लागला होता. अम्मीने फोनवर विचारलंच, “जमीन दिसते का?” नोव्हेंबरची तिकिटं काढली आहेत. बोटीची किल्ली मात्र लेकीच्या कपाटात आहे.