धावत्या मोटारीचे छायाचित्र

मोटारींच्या शर्यती म्हणजे पैसा आणि जीव एकाच वेळी उधळण्याचे साधन, असे आमच्या घरातील वडील मंडळींचे मत. आणि खरे सांगावयाचे तर माझेही तेच होते. माझा पुतण्या चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथे शर्यतीत उतरतो हे कळल्यापासून माझ्या आईने त्याच्याशी बोलणे टाकले होते. सात महिने असे गेले. अखेर एके दिवशी तीच मला म्हणाली, "तू फोटो काढतोस ना? मग एकदा जाऊन ये, आणि तो तिथे काय करतो ते मला दाखव."

मी गेलो. सुमारे पावणेचार किलोमीटरांचा तो वळणावळणाचा मार्ग. कुंपणाशी उभा राहून मी कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या दोनहजाराव्या भागापुरताच उघडेल अशी योजना केली. ताशी १४४ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला ४० मीटर तोडते. परंतु एवढ्या अल्प काळात ती अवघी २ सेंटिमीटर सरकते. चित्रे अत्यंत रेखीव आली. टायरवरील अक्षरेसुद्धा वाचता येत होती! आईने चष्मा लावून ती पाहिली व म्हणाली, "गाडी तर उभी आहे. एवढ्यासाठी का मद्रासला गेलास?" पुतण्या दारात उभा होता; तो न बोलता आत गेला.

ही अडचण जुनीच आहे. १९१२ सालच्या फ्रेंच ग्रां प्रीचे म्हणून प्रसिद्ध असलेले झाक-आंरी लार्तीगचे छायाचित्र पाहावे. त्याच्या कॅमेऱ्यातील पडद्याची फट काचेवरून सरकत असता मोटारही सरकली, म्हणून चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकले. आणि तो स्वतः मोटारीबरोबर वळत होता, म्हणून प्रेक्षक व खांब उलट्या दिशेस कलले. नियमाने पाहता चित्र बिघडलेले. परंतु वेग कसा असतो हे ते आजही सांगते.

दुसऱ्या खेपेस मी पडदा सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतका उघडा ठेवला. एवढ्या वेळात मोटार ३२ सेंटिमीटर जाते; तेव्हा पाय रोवून, कंबरेतून वळत, तिच्याबरोबर कॅमेरा फिरवीत राहावे लागते, आणि कळ दाबल्यावरही थांबून चालत नाही. दिवसभरात शेकडो चित्रे वाया गेली. हाती चार लागली. त्यांत भिंती, झाडे, माणसे यांच्या नुसत्या रेघा झाल्या होत्या. स्पष्ट होती ती मोटार, आणि तिच्यातील शिरस्त्राण घातलेले एक मस्तक.

आईने ते चित्र बराच वेळ हातात धरले. "आता धावते आहे," ती म्हणाली. मग त्या मस्तकावर बोट ठेवून हळूच पुटपुटली, "सगळे जग पळते आहे, आणि हा किती स्थिर बसला आहे."

मला मात्र आपली चूक तेव्हा उमगली. पहिल्या खेपेस मी त्याला अडवून पाहिले होते. त्याच्याबरोबर क्षणभर वळण्याची मला गरजच वाटली नव्हती.

आईची भीती गेली आहे असे नाही. शर्यतीच्या दिवशी ती देवापुढून उठत नाही. पण त्या रात्री तिने पुतण्याला हाक मारली आणि विचारले, "वळणावर ब्रेक आधी दाबतोस, की वळताना?"