ओटीवरची चौकशी

घरांतील मारहाणीविषयीं बोलणें निघालें कीं आम्हां सुशिक्षितांची दृष्टि आपोआप कोळवाड्याकडे वळते. अलिबाग-मुरुडकडील कोळवाड्यांत भांडण झालें तर तें साऱ्या आळीस ऐकूं जातें. आमच्या घरांना माजघर आहे, एवढाच काय तो फरक!

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें संरक्षण अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली, आणि पोलीस व न्यायखात्यांतील मंडळींना या कामाचें शिक्षण वेळोवेळीं मिळावें, ही जबाबदारी ११ व्या कलमानें सरकारवर टाकली. पण कलमें पाठ होतात, माणसें होत नाहींत. कोळीण स्वतः मासळी विकते, पैसा तिच्या हातांत खेळतो; तेव्हां ‘ही कसली पीडित?’ असें अधिकाऱ्यास सहज वाटावें. तोच पैसा हिरावून घेणें हाही कायद्यानें छळच आहे. शिवाय गांवकीला डावलून तक्रार केली तर वाळीत पडण्याचें भय! रायगड जिल्ह्यांत अशीं बहिष्काराचीं प्रकरणें गाजलीं, आणि २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रास करावा लागला. ‘गांवांतच मिटवा’ म्हणणाऱ्यास हें ठाऊक नको काय?

आणि तो अधिकारी आमच्या ओटीवर आला तर? चहा होईल, ओळखी निघतील. सुनेला एकटीला गांठून विचारावें, हें त्यास कोणीं तरी शिकवावयास हवें. आमच्या एका आप्ताच्या घरीं चौकशी झाली, ती ओटीवरच. आणि सुनेला विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें सासऱ्यांनींच दिलीं.