माठ गार होईना

परभणीच्या उन्हाळ्याचा लौकिक दूरवर पोचलेला असला, आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की वृत्तपत्रांत या गावाचे नाव अगत्याने छापले जात असले, तरी ज्यांची हयात या मुलखात गेली त्यांना ठाऊक आहे की खरी कसोटी त्या दिवसांत लागत नाही. रोहिणी नक्षत्र सरत आले, पूर्णा-दुधनेच्या खोऱ्यावर ढग येऊन थबकले आणि वारा पडला, म्हणजे ती लागते. पारा तेव्हा चार-पाच अंशांनी उतरलेलाही असतो, आणि तरी जीव नकोसा होतो.

वैशाखाचे ऊन कठोर खरे, पण त्याच्याशी करारमदार करता येतो. दोन हात रुंदीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले माळवद, खिडकीला वाळ्याचा ओला तट्टा आणि कोपऱ्यात वाळूवर ठेवलेला माठ एवढ्या सरंजामावर आमच्या वाडवडिलांनी दुपारी निभावल्या. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपला देह घामाने निवतो तोही याच न्यायाने, कारण लिटरभर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडावे, बाजा टाकाव्यात आणि मध्यरात्रीनंतर पायांवर चादर ओढावी, इतके ते ऊन रात्री सौम्य होत असे.

हवा दमट झाली की हा सारा बंदोबस्त उलटतो. ओल्या तट्ट्याने खोली अधिकच कोंदते. आज घरोघरी आलेल्या कूलरचीही तीच गत, त्याचे गवत भिजते आणि अंग चिकट होते. घाम येतो, पण उडत नाही. तो नुसता ओघळतो. माठ बाहेरून ओलाचिंब, आणि पाणी मात्र कोमट.

माझी आजी या चिन्हांची पक्की जाणकार होती. बरणीतले मीठ पाझरू लागले, डब्यातला पापड मऊ पडला, की ती माठाला हात लावून पाही आणि म्हणे, "लेकरा, माठ गार होईना, आता येतंय बघ." घरात सगळ्यांच्या तोंडी "लई उकडायलंय" एवढेच असताना तिच्या स्वरात तक्रार नसे, हे मला आजही विलक्षण वाटते.

निजामाच्या अमदानीत आमच्या कचेऱ्यांत फसली सन चाले, आणि इंग्रजी मे महिन्याच्या सुमारास येणाऱ्या महिन्याला दप्तरात ‘तीर’ म्हणत. हे नाव प्राचीन इराणातील तिष्ट्र्य या पर्जन्यदेवतेचे आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात आढळले. कोणा अहलकाराने भर उन्हाळ्याच्या रोजनाम्यावर, घामाने ओलावलेल्या बोटांनी, नकळत पावसाचेच नाव लिहावे, या कल्पनेने मी त्या दिवशी फार हेलावून गेलो. आजीचे माठावर हात ठेवणे मला तिथे पुन्हा भेटले.

रानात काळीला या दिवसांत हातभर खोल भेगा पडलेल्या असतात, आणि ती इतकी तापावी अशीच शेतकऱ्याची इच्छा असते. नांगरलेल्या ढेकळांतली कीड आणि तणाच्या मुळ्या त्या तापाने मरतात. तो माणूस बांधावर उघडा बसून आभाळ न्याहाळतो, पण उकाड्याला शिव्या देत नाही.

आमच्या घरी मात्र आजीचा शब्द निघाला की स्वस्थ बसणे नसे. घोटभर पन्हे पिऊन दोघे-तिघे गढीवर जात, पांढऱ्या मातीच्या पाट्या वाहून आणत, आणि त्या वारा नसलेल्या, गदगदणाऱ्या संध्याकाळी, पाठीवरून घामाचे ओहोळ वाहत असता, सारे घर माळवदावर चढून गेल्या पावसाळ्यात जिथे जिथे गळले होते तिथे तिथे माती पसरून धुमसाने चोपीत राही, आणि आजी खालच्या झरोक्यातून विचारी, "देवघरावर टाकली का रे?"