कढईचा गुन्हा

साकोलीत हायवेला लागून आमचं नाश्त्याचं दुकान आहे. सकाळी तर्री-पोहा, दहानंतर आलुबोंडा आणि भजी. बाबा 51 वर्षांचे असताना एका सकाळी भज्यांचा घाणा काढता काढताच खाली बसले. घाम, डाव्या हाताला कळ. शेजाऱ्यांनी गाडीत घालून नागपूरला नेलं, शंभरेक किलोमीटर. मी पुण्याहून पोचलो तोवर स्टेंट बसला होता.

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर पडला की लॉग उघडून रूट कॉज शोधायचं, हेच माझं काम. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बसून मी बाबांचे रिपोर्ट तसेच वाचत होतो. एलडीएल 118. म्हणजे धडकी भरावी असा आकडा नाही. साखर ठीक. खर्रा खायचे, तो मात्र वीस वर्षांचा. तरी मनाला पटेना. शोधता शोधता रात्री दोनला एक शब्द सापडला: ऑक्सिडाइज्ड एलडीएल. साधं कोलेस्टेरॉल एवढं वाईट नसतं, ऑक्सिजनशी संयोग झालेलं खरं घातक, असं काहीतरी. माझ्या डोळ्यासमोर लगेच आमची कढई आली. तीन-तीन दिवस तेच तेल. काळं, खवट, फेस धरणारं.

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, "तुमच्या कढईतलंच तेल तुमच्या नसांत जाऊन बसलंय."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच कढईवर तू इंजिनिअर झाला, बाबू."

पुढच्या महिन्यापासून त्यांनी तळण बंद केलं. फक्त पोहे. गल्ला निम्म्यावर आला. मी पुण्याहून पैसे पाठवायचो आणि सोबत व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल. लॉजिक सोपं होतं: ऑक्सिडेशन हा बग, तर अँटिऑक्सिडंट हा फिक्स. टेस्ट न करता प्रॉडक्शनमध्ये टाकलेला फिक्स. चार महिन्यांनी दिवाळीला गेलो तेव्हा आईनं हळूच सांगितलं, बाबांनी कोलेस्टेरॉलची रोजची गोळी सोडलीय. "तुझ्या कॅप्सूल हायेत ना."

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचायला बसलो. जे समजलं ते सांगतो.

लहानपणी नव्या बॅटला जवसाचं तेल लावलं असेल तर आठवा. दोन दिवसांनी ते बोटाला चिकटायचं, मग त्याचा पातळ पापुद्रा व्हायचा. तेल वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन बदलतं. एलडीएलचा कण म्हणजे साधारण 22 नॅनोमीटरचा स्निग्ध गोळा. त्याच्या आवरणातही अशीच, ऑक्सिजनला चटकन बळी पडणारी फॅट असते. रक्तात फिरताना तिचं रक्षण होतं. पण कण धमनीच्या भिंतीत शिरून अडकला की तिथल्या पेशी आणि एन्झाइम त्याला बदलतात. म्हणजे हे सगळं भिंतीच्या आत घडतं. आलुबोंड्याचं काळं तेल पोटातून जाऊन तिथे बसत नाही. तीच तर माझी चूक होती.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीला 1985 चं नोबेल एलडीएलच्या रिसेप्टरसाठी मिळालं. पेशीचं पोट भरलं की ती हे रिसेप्टर कमी करते. मग धमनीतल्या मॅक्रोफेज पेशी कोलेस्टेरॉल खाऊन फुगतात कशा? 1979 मध्ये त्यांनीच दाखवलं की रासायनिक बदल केलेलं एलडीएल या पेशी दुसऱ्याच दारानं आत घेतात, आणि त्या दाराला बंद व्हायची सोयच नाही. शरीरात हा बदल करतो कोण, याचं उत्तर पुढच्या काही वर्षांत सॅन डिएगोमधल्या डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटानं दिलं: ऑक्सिडेशन. फुगलेल्या पेशी मरतात, भिंतीत चिखल साठतो, वरची खपली एक दिवस फुटते आणि तिथे रक्ताची गुठळी होते. भज्यांचा घाणा काढता काढता.

म्हणजे थिअरी खोटी नव्हती. फेल झाला तो माझा फिक्स, आणि तोही माझ्या आधी मोठमोठ्या लोकांच्या हातून. 2000 साली आलेल्या होप चाचणीत साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई दिलं. हृदयविकारात काही फरक नाही. 2002 मध्ये ब्रिटनमधल्या 20,536 लोकांच्या चाचणीतही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं निरुपयोगी ठरली. त्याच चाचणीत, त्याच लोकांमध्ये, सिम्वास्टॅटिन या साध्या गोळीनं हार्ट अटॅक, स्ट्रोक साधारण चौथाईनं कमी केले. भिंतीत शिरायला कणच कमी असले तर बदलायला उरतं काय? बाबांनी जी गोळी सोडली ती याच जातीची.

गोळी सकाळी परत सुरू केली. नागपूरला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांना 118 चं विचारलं. त्यांनी एक तपासणी लिहून दिली: लायपोप्रोटीन (ए). एलडीएलचाच भाऊबंद, वर एक जास्तीची प्रथिनाची शेपटी असलेला. रक्तातली ऑक्सिडाइझ झालेली फॅट मुख्यतः हाच कण वाहून नेतो. त्याचं प्रमाण खाण्यापिण्यावर फारसं ठरत नाही, आईबापाकडून येतं. 50 च्या वर म्हणजे धोका.

बाबांचं 112 निघालं. मी पुण्यात माझं करून घेतलं. 96.

त्या संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे कढईचा काई दोष नाई?"

"थोडा आहे. तेल रोज बदला. 2018 पासून सरकारी नियमच आहे, तळून तळून तेल एका हद्दीपलीकडे खराब झालं की वापरायचं नाही. आणि खर्रा परत सुरू नका करू. पण अटॅक एकट्या कढईनं नाही आला."

"मंग आबाले बी हेच असंल. बांधावरच गेला. 48 चा होता."

मला हे माहीत होतं, आबा शेतात अचानक गेले ते. रूट कॉज शोधताना ते लॉग मी कधी उघडलेच नव्हते. आणि कढईबद्दल बोललो त्याची माफी मागायला मला वर्ष लागलं होतं. फोनवर मागितली. बाबा म्हणाले, "जाऊ दे. तुह्या गोळ्या तू घेतो का नाई?"

घेतो. लायपोप्रोटीन (ए) त्यानं उतरत नाही, त्यासाठीची औषधं अजून चाचण्यांत आहेत. पण एलडीएल उतरतं.

दुकानात परत तळण सुरू झालंय, फक्त सकाळी, आणि उरलेलं तेल संध्याकाळी डब्यात भरून बाजूला. आईनं परवा विचारलं, छोटीचंही बघायचं का? बहीण 21 ची आहे, भंडाऱ्याला कॉलेजात. तिचा रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे.