रानपिंगळ्याची पायरी

2018 मध्ये रानपिंगळा धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त'वर आला, तेव्हा ओळखीच्यांनी आनंदाने फोन केले. पक्षी वाचला म्हणे! अशा वेळी आम्हा मूल्यांकन करणाऱ्यांची पंचाईत होते. पिंगळे वाढलेत असं कुठे दिसत नव्हतं, शोधणारे मात्र वाढले होते.

एकेकाळी तो संपलाच, असं धरून चालले होते. 1884 नंतर खात्रीचा नमुना नाही. गुजरातेतल्या मांडवीचा 1914 चा एक होता, पण तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने दुसऱ्याच्या संग्रहातून ढापून त्याला नवी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसनने जमवलेल्यांपैकी, म्हणजे आपल्या खानदेशातला. अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा शहाद्याजवळ सापडला, तोही दिवसाढवळ्या.

माइनर्ट्झहागेनच्या प्रकरणामुळे नोंद हातात आली की मी आधी चिठ्ठीवर संशय घेतो. कुणी पाहिला, कधी, नेमका कुठे? फोटोत माथा दिसतोय का? साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. पाठमोरा, धूसर फोटो असेल तर नोंद बाजूला. पाठवणारे रुसतात, रुसोत.

उरलेल्या नोंदी दोन किलोमीटरच्या चौकटींवर बसवायच्या. मेळघाट, मध्य प्रदेश, पुढे थेट मुंबईशेजारचं तानसा, अशा चौकटी भरत गेल्या. रिकाम्या चौकटीचं मात्र अवघड असतं. तिथे पक्षी नाही, की तिथे कुणी फिरकलंच नाही? नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात. शेवटी प्रौढ पक्ष्यांचा अंदाज 250 ते 999 वर गेला. संख्या घटत असताना 250 च्या खाली प्रौढ असले तर अतिसंकटग्रस्त, 2,500 च्या खाली असले तर संकटग्रस्त. जंगल तुटतंच आहे, तेव्हा एकच पायरी उतरली.

दुर्मीळ म्हणजेच संकटात, हा समजही इथे टिकत नाही. पांढऱ्या पाठीचं गिधाड 2000 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरलं तेव्हा ती हजारोंनी शिल्लक होती. पण तीन पिढ्यांत 80 टक्के घट, एवढा एकच निकष पुरतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली गुरं खाऊन ती ज्या वेगाने मेली, त्यापुढे 80 हा आकडाही लहान पडला.

रानपिंगळा भारताबाहेर कुठेच नाही, त्यामुळे देशाच्या यादीत एक आणि जगाच्या यादीत दुसरं असा घोळ होत नाही. सीमेपलीकडून भर पडणाऱ्या प्रजातींच्या बाबतीत तो निस्तरावा लागतो.

वर्ग बदलला की कारण द्यावं लागतं. खरी सुधारणा वेगळी, नवी माहिती वेगळी. रानपिंगळ्याचं कारण यातलं दुसरं. पायरी उतरली की निधी आटेल, अशी धास्ती बैठकीत कुणी ना कुणी बोलून दाखवतंच, आणि ती खोटी नाही. तिच्यापायी वर्ग चढवता येत नाही. जंगलतोडीवरचं टिपण लांबवता येतं, तेवढं मी लांबवतो.